नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

बरेच दिवसांनी लिहायला बसलो आहे. निमित्त घरचंच आहे. गेल्या महिन्यात आमच्या गोतावळ्यात एक नाव ठेवलं गेलं आणि त्यावरून मला बरीच नावं ठेवली गेली.

माझ्या पुतणीच्या मुलीला तिकडे अमेरिकेत मुलगा झाला. जावई मूळचे मेक्सिकोकडचे, घरात स्पॅनिश बोलणारे. बाळाचं नाव ठेवलं डोमिंगो. जावयांच्या पणजोबांचं नाव. (हे तिला विचारून लिहितो आहे. ती म्हणाली, "बाळाचं नाव लिहा आजोबा, आमची नको.") झालं, घरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कौतुकाचा पूर आला. किती गोड, किती रॉयल, किती वेगळं! कुणीतरी विचारलं, अर्थ काय? मी लिहिलं, "रविवार."

थोडा वेळ शांतता. मग मला राहवेना, मास्तरकी अंगात मुरलेली, म्हणून आणखी एक ओळ टाकली: "म्हणजे आमच्या सुरगाण्याकडे वारावरून सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या ठेवतात ना, त्यातलंच. बाळ मात्र मंगळवारी झालंय."

त्यावर आलेलं उत्तर असं: "काका, काहीतरीच काय! कुठे डोमिंगो आणि कुठे तुमचे ते बुध्या-मंगळ्या!" पुढे हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे. सात होते. मी मोजले.

त्या सात चेहर्‍यांना हे उत्तर आहे. जरा लांबेल, पण 'तुमचे ते' हे दोन शब्द मला झोपू देईनात.

आधी डोमिंगोचं बघू. लॅटिनमध्ये 'दोमुस' म्हणजे घर. घराचा धनी तो 'दोमिनुस'. (संस्कृतात घराला 'दम' म्हणत आणि घराचा पती तो दंपती. म्हणजे डोमिंगो हा आपल्या 'दंपती'चा लांबचा आतेभाऊच.) ख्रिस्ती लोकांनी हा धनी म्हणजे परमेश्वर असं मानलं, त्याचा दिवस म्हणजे रविवार, म्हणून स्पॅनिशमध्ये आणि पोर्तुगीजमध्ये रविवारला 'दोमिंगो' म्हणतात. मुलाचं नाव आणि वाराचं नाव, अक्षर न् अक्षर एकच. बाकीचे वारही ऐकण्यासारखे आहेत. स्पॅनिश सोमवार चंद्रावरून, मंगळवार मंगळावरून, बुधवार बुधावरून, गुरुवार गुरूवरून, शुक्रवार शुक्रावरून. आपलेच ग्रह, आपलाच क्रम! फक्त शनिवारी ज्यूंचा सब्बाथ आला आणि रविवारी सूर्याला उठवून परमेश्वर बसला. आपल्याकडे ही वारांची गणती काही वेदकाळापासूनची नाही. मध्य प्रदेशात एरण येथे बुधगुप्ताच्या काळातला इ.स. ४८४च्या सुमाराचा स्तंभलेख आहे, त्यात गुरुवारचा उल्लेख येतो, आणि वाराच्या आपल्याकडच्या जुन्यात जुन्या उल्लेखांत तो धरतात. तेव्हा 'आमचे वार, त्यांचे वार' असं भांडायलाही जागा नाही. एकाच आठवड्याची ही पोरं.

आता कुणी म्हणेल (एका भाच्याने म्हटलंच), "मामा, डोमिंगो म्हणजे नुसता रविवार नाही, 'परमेश्वराचा' असा अर्थ आहे." बरोबर. मग बुध्या म्हणजे काय? बुध हा ग्रह, नवग्रहांतला देव, त्याच्या दिवशी झाला तो बुध्या, म्हणजे बुधाचा. 'परमेश्वराचा' चालतो आणि 'बुधाचा' चालत नाही?

आणि नावाला मोठेपणा येतो तो माणसांमुळे. स्पेनमध्ये कालेरुएगा नावाच्या खेड्यात ११७०च्या सुमारास एक डोमिंगो जन्मला. त्याच्या आईने आधीच्या एका संत डोमिंगोला नवस केला होता अशी कथा सांगतात, म्हणून हे नाव. गरोदरपणी तिला तोंडात पेटती मशाल धरलेल्या कुत्र्याचं स्वप्न पडलं होतं म्हणे. (आमच्या पाड्यावरच्या बाईने असं काही सांगितलं तर आपण तिला अंधश्रद्धेवर व्याख्यान देऊ.) या मुलाने पुढे १२१६ साली डोमिनिकन पंथाला पोपची मान्यता मिळवली, आणि त्याच्यामागे युरोपभर, मग अमेरिकाभर डोमिंगो झाले. कॅरिबियन बेटांतल्या एका देशाची राजधानीच सांतो डोमिंगो. कोलंबसाच्या बापाचं नाव दोमेनिको, म्हणजे तेच, आणि तो लोकर विणणारा विणकर होता. राजवाड्यातलं नाव नव्हे हे, रॉयल म्हणणार्‍यांनी नोंद घ्यावी. तिकडेही हे नाव आता आजोबा-पणजोबांच्या पिढीचं वाटतं. मेक्सिकोत कॅलेंडरवर रोजच्या तारखेला त्या दिवसाच्या संताचं नाव छापलेलं असे, आणि त्यावरून पोराचं नाव ठेवायची रीत होती. जन्माचा दिवस बघून नाव! काय वेगळं करतात हो आमच्या पाड्यावर?

लांब कशाला जायचं? वसईला जा. १५३४ ते १७३९ तिथे पोर्तुगीज होते. चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, नावं राहिली. तिथल्या मराठी बोलणार्‍या ख्रिस्ती घरांत डोमिंगोसचा 'दुमिंग' झाला आणि पेद्रोचा 'पेद्रू'. पेद्रो म्हणजे काय ठाऊक आहे? दगड. येशूने आपल्या शिष्याला खडक असं नाव दिलं, त्याचं ग्रीकमध्ये पेत्रोस झालं, तिथून पीटर, पेद्रो, पियेर. म्हणजे आपला दगडू. आपला धोंडू! पण 'पीटर' म्हटलं की माणूस इस्त्रीच्या शर्टात दिसतो आणि 'दगडू' म्हटलं की मालकाच्या घरी पाणी भरताना दिसतो. हे कुणी शिकवलं आपल्याला? आम्ही मास्तरांनी, आम्ही लेखकांनी, आणि आमच्या सिनेमांनी. गोष्टीतला गडी कधी 'अभिजित' नसतो, तो धोंड्या असतो.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे कबूल करायला हवी. गोव्यात नि वसईत बाप्तिस्म्याच्या वेळी जुनं नाव पुसून नवं दिलं जाई. म्हणजे तिथल्या पहिल्या दुमिंगने ते नाव मागून घेतलं होतं असं नाही. वरून आलेलं नाव त्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या वापरून, चावून, आपल्या जिभेला बसवून आपलं केलं. यावर आपल्याकडे तावातावाने बोलणारे पुष्कळ आहेत. परक्यांनी आमची नावं पुसली, म्हणतात. खरंच आहे. पण मग आम्ही सुरगाण्यात काय केलं?

इथून पुढचं लिहिणं मला जड जातंय.

मी १९७४ साली नोकरीला लागलो. मराठी घेऊन बी.ए. झालेला, नाशिकच्या कॉलेजातून नुकताच सुटलेला, डोक्यात व्याकरण आणि सुधारणा. तालुक्यातल्या एका शाळेत नेमणूक झाली (शाळेचं नाव लिहीत नाही, दोष शाळेचा नव्हे, माझा). मुलं कोकणा, वारली, महादेव कोळी. गुजरातची हद्द हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात रस्ता बंद झाला की चार-चार दिवस बाहेरचं माणूस दिसायचं नाही. जूनमध्ये दाखल रजिस्टर उघडलं की आईबाप पोराला घेऊन दारात उभे राहत. नाव? मंगळ्या. नाव? सोमी. नाव? शुक्र्या. मला ती नावं अपुरी वाटायची, घाण लागलेल्या पाटीसारखी वाटायची. माझ्याआधीचे गुरुजीही तेच करत, मीही केलं. टाक उचलला आणि मंगळ्याचा मंगेश केला, सोम्याचा सोमनाथ, बुधीची सुधा. आईबाप काही बोलत नसत. मला वाटे, त्यांना आवडलं. आता कळतं, की रजिस्टर माझ्या हातात होतं.

मराठीचा विद्यार्थी म्हणून मी एक कारणही तयार ठेवलं होतं. आपल्या प्रमाण मराठीत गण्या, सख्या, नाम्या ही हाक खालच्या माणसाला किंवा लाडक्या पोराला मारायची. मोठ्या माणसाला 'या' लावत नाहीत. तेव्हा बुध्या हे नाव नसून अपमान आहे, तो मी दूर करतो आहे! पण तो अपमान माझ्या बोलीत होता, त्यांच्या बोलीत नव्हता. त्यांच्याकडे सत्तर वर्षांचा पाटीलही मंगळ्याच असतो, आणि त्याला तसं हाक मारणारा नातू उद्धट ठरत नाही. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. वारली चित्रकला त्यांनी जगभर नेली. जिव्याचा जीवनलाल आणि सोमाचा सोमनाथ करून मग दिल्लीला पाठवायचं होतं का त्यांना?

१९७९च्या जूनमध्ये एक बाई पोराला घेऊन आली. पोराचं नाव बुध्या. (आडनाव, गाव मुद्दाम लिहीत नाही.) मी जन्मतारीख विचारली. ती म्हणाली, सुकडी खाल्ली त्या दुष्काळानंतरचा शिमगा, त्याच्या आधीच्या बुधवारी. मी हसलो. मनातल्या मनात नव्हे, तोंडावर. आणि लिहिलं: नाव सुधाकर, जन्मतारीख १ जून १९७३.

खेड्यातल्या मास्तरांना १ जूनचं गुपित सांगायला नको. आमच्या वेळच्या रजिस्टरात निम्मा महाराष्ट्र १ जूनला जन्मलेला आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, वय भरलं पाहिजे, मग लिही १ जून.

तो मुलगा दोन-चार वर्षांपूर्वी माझ्याकडे आला. मुलगा कसला, पन्नाशीला आलेला, कानावर केस पांढरे. गुरुजी, एक काम होतं म्हणाला. त्याच्या पोराला जातपडताळणीचं प्रमाणपत्र हवं होतं, त्याशिवाय पुढचा प्रवेश पक्का होत नाही. त्यासाठी बापाचे, आजोबांचे कागद लागतात. शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव सुधाकर. आजोबांच्या सातबार्‍यावर वारसांत लागलेलं नाव बुध्या. मतदारयादीत एक, रेशनकार्डावर दुसरं. प्रश्न सरळ होता: हा सुधाकर त्या आजोबांचा मुलगा कशावरून? शाळा सोडलेल्याचं नाव रजिस्टरात सहजासहजी बदलता येत नाही. मग प्रतिज्ञापत्र, मग राजपत्रात जाहिरात, मग पुन्हा प्रतिज्ञापत्र. "बुध्या आणि सुधाकर ही एकच व्यक्ती आहे" असं त्याला शपथेवर लिहून द्यावं लागलं. स्वतःच्याच नावाची स्वतःशी ओळख पटवायची! नाशिकला किती खेपा झाल्या असं विचारलं तर म्हणाला, मोजल्या नाहीत. रोजगार बुडवून केलेल्या खेपा माणूस मोजत नाही असं कसं होईल? मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाला, एवढं मला कळतं.

तो गेल्यावर मी एक उद्योग केला. त्याच्या आईचं ते वाक्य माझ्या लक्षात राहिलं होतं (ज्याला आपण हसतो ते लक्षात राहतं). जुनी तिथी-तारीख काढली. दुष्काळ १९७२चा. त्यानंतरची होळी १८ मार्च १९७३, रविवार. आधीचा बुधवार १४ मार्च. संपलं. दोन मिनिटांचं काम होतं. शाळेत पंचांग होतं, भिंतीवर खिळ्याला टांगलेलं. सहा वर्षांपूर्वीची होळी कुठल्या तारखेला होती हे कुणालाही विचारता आलं असतं. त्या बाईला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिने पोराच्या जन्माची नोंद जिथे पुसली जाणार नाही अशा जागी केली होती, त्याच्या नावात. सरकारी कागदापेक्षा पक्की नोंद. ती मी खोडली आणि तिच्या जागी खोटी तारीख लिहून खाली सही केली. सुशिक्षित कोण होतं आमच्या दोघांत?

म्हणून म्हणतो, 'तुमचे ते बुध्या-मंगळ्या' असं मला हसून म्हणू नका. घानामध्येही वारावरून नाव ठेवतात. शुक्रवारी झालेला तो कोफी. ८ एप्रिल १९३८ला, शुक्रवारी जन्मलेला एक कोफी अन्नान पुढे १९९७ ते २००६ अशी दहा वर्षं संयुक्त राष्ट्रांचा सरचिटणीस होता. आमच्याकडे असता तर त्याच्या पहिलीच्या मास्तरांनी त्याचा शुक्राचार्य नाहीतर सुरेश केला असता. आणि वारांची एवढी लाज वाटते तर पुण्याच्या पेठांचं काय? सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार, आठवडाच्या आठवडा वसवला आहे. १७३० साली बाजीरावांच्या वाड्याचा पाया शनिवारी घातला, तो शनिवारवाडा. वाड्याला वार शोभतो, आदिवासीच्या पोराला शोभत नाही, असा काही शास्त्रार्थ आहे का?

मला उलटही दाखवता येईल हे जाणून आहे. रॉबिन्सन क्रूसोच्या गोष्टीत तो एका माणसाला शुक्रवारी वाचवतो आणि त्याचं नाव फ्रायडे ठेवतो. लहानपणी आपण सगळ्यांनी ही गोष्ट मजेत वाचली. त्या माणसाला आधीचं नाव असेल, ते विचारावं, असं क्रूसोच्या डोक्यातही येत नाही. आणि स्वतःला काय म्हणायला शिकवतो? मालक. तिथेही वार आहे, पण तो शुक्रवार मालकाच्या आठवणीतला आहे. आईने ठेवलेला शुक्र्या आणि मालकाने ठेवलेला फ्रायडे यात हाच फरक. माझा सुधाकर कुठल्या खात्यात जातो ते तुम्ही सांगा.

अर्जेंटिनात डोमिंगो सार्मिएन्तो नावाचा मोठा माणूस होऊन गेला. मास्तर, लेखक, १८६८ ते १८७४ राष्ट्राध्यक्ष. शाळा काढण्यासाठी आयुष्य वेचलं, ११ सप्टेंबर हा त्याचा मृत्युदिन तिकडे शिक्षक दिन म्हणून पाळतात. गंमत अशी, की चर्चच्या नोंदीत त्याचं नाव डोमिंगो नव्हतंच. तिथे फाउस्तिनो व्हालेंतिन लिहिलेलं. घरच्यांची संत डोमिंगोवर भक्ती, म्हणून घरात डोमिंगो, आणि तेच टिकलं. रजिस्टर हरलं, घर जिंकलं. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. पण पुढे वाचलं तर हाच सार्मिएन्तो आपल्या देशातल्या मूळच्या लोकांना रानटी समजत असे. सुधारणा एका बाजूला, रानटीपणा दुसर्‍या बाजूला, अशी रेघ त्याने आपल्या १८४५च्या पुस्तकात ओढली. शाळामास्तर होता ना. आम्हा लोकांना रेघ ओढल्याशिवाय चैन पडत नाही.

आता एक आक्षेप राहिला, आणि तो मला आमच्या सुनेनेच घेतला. ती म्हणाली, "अहो बाबा, पण आता तेच लोक पोरांची नावं करण, साहिल, पूजा ठेवतात. तुम्ही कशाला बुध्या-बुध्या करताय?" ठेवू देत ना! खुशाल ठेवू देत. आपल्या पोराचं नाव काय ठेवायचं हा आईबापाचा हक्क, बुध्या ठेवला तरी त्यांचा आणि साहिल ठेवला तरी त्यांचा. मी त्यांना जुन्या नावांचं म्युझियम करा म्हणत नाही. माझं भांडण त्यांच्याशी नाहीच. पण त्यांनी ती नावं का टाकली? वसतिगृहात, बसमध्ये, मुलाखतीला गेल्यावर नाव सांगितलं की समोरचा हसतो म्हणून. हसणारा तसाच राहिला आणि नाव बदललं. आणि तो हसणारा कोण हे गेल्या महिन्यात मला सात वेळा दिसलं.

बाळ डोमिंगोला माझे आशीर्वाद आहेत. छान नाव आहे, त्याला पणजोबांचा आधार आहे, ते बदलू नका. फक्त मोठा झाल्यावर त्याला त्याचा अर्थ सांगा, आणि हेही सांगा की सुरगाण्यात त्याचे पुष्कळ नावबंधू आहेत.

बुध्याला मी फोन केला होता, १४ मार्चला. म्हटलं, आज तुझा खरा वाढदिवस, हिशेब करून काढलाय. मला वाटलं होतं त्याला काहीतरी मोठं वाटेल. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "होय का गुरुजी? पण राहू द्या आता. आधार कार्डावर १ जून आहे, परत खेपा नको." मग मागे कुणाला तरी सांगितल्याचा आवाज आला, आणि त्याच्या म्हातारीने लांबूनच काहीतरी म्हटलं. मला नीट ऐकू आलं नाही. मी विचारलं, काय म्हणतेय आई? तो हसला. म्हणाला, "ती म्हणते, मी तर तेव्हाच सांगितलं होतं."